नक्कल आहे, पण रुजवात कुठंय?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना जिथे मी अडखळलो ती वाक्यं थोडी सरळ केली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय नोकरीवाल्यांच्या रोजच्या दुखण्याचा आहे: कंपनीतलं ट्रेनिंग. त्या पीपीटी, ते व्हिडिओ, शेवटचे दहा प्रश्न आणि मग छापून मिळणारं सर्टिफिकेट. यातलं बरंचसं कुठून तरी उचललेलं असतं, आणि उचलताना कुणी नीट वाचलेलंही नसतं.

एक नमुना सांगतो. पुण्यातल्या एका कंपनीत, नाव नको, आम्हाला आगीपासून बचावाचं ऑनलाइन ट्रेनिंग होतं. स्लाइडवर लिहिलेलं होतं की आग लागली तर ९११ ला फोन करा. ९११ हा अमेरिकेतला नंबर. आपल्याकडे अग्निशमन दलाचा १०१ आणि सगळ्या आणीबाणीसाठी एकच ११२. पुढची स्लाइड म्हणत होती की बाहेर पडून उत्तरेच्या पार्किंगमध्ये जमा व्हा. आमच्या इमारतीला उत्तरेला पार्किंगच नव्हतं, तिकडे भिंत होती. तरी सगळे पास झाले, कारण परीक्षेत बरोबर उत्तर ९११ हेच होतं. हे कुणी बनवलं म्हणून विचारलं तर एचआरने व्हेंडरकडे बोट दाखवलं, आणि व्हेंडर म्हणाला की जुन्या फाइलमधून आलंय. त्या जुन्या फाइलला बापच नव्हता.

यावर आपण लगेच म्हणतो, "चोरी आहे ही, कॉपी-पेस्ट!" पण थोडं थांबू. आपल्या वऱ्हाडाचा इतिहास पाहिला तर नक्कल करण्याबद्दल त्यात एक फार शहाणी शिकवण सापडते. आजचा भाग तिच्याबद्दल आहे.

नक्कल हा शब्द मुळात वाईट नाही

तहसील कार्यालयात जा. आजही तिथे लोक 'नकला' काढायला रांगेत उभे असतात. जुन्या कागदांवर एक वाक्य हमखास दिसतं: अस्सल बरहुकूम नक्कल. म्हणजे मूळ कागदात जसं आहे, अगदी तसंच उतरवलेलं. आणि त्याखाली सह्या असतात. एक नक्कल करणाऱ्याची आणि दुसरी रुजवात घेणाऱ्याची.

हा 'रुजवात' शब्द लक्षात ठेवा. रुजवात म्हणजे मूळ कागद आणि नक्कल शेजारी-शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहणं. एकाने लिहायचं, दुसऱ्याने ताडायचं, आणि दोघांनी आपलं नाव खाली घालायचं. आमच्या धंद्यात याला कमिट आणि कोड रिव्ह्यू म्हणतात. कोणत्या ओळीला कोण जबाबदार हे शोधायला आम्ही गिट ब्लेम वापरतो. कारकुनाच्या दोन सह्यांनी तेच काम व्हायचं.

म्हणजे नक्कल ही कामाची गोष्ट होती. तिला किंमत यायची ती दोन गोष्टींमुळे: मूळ कोणतं ते माहीत असायचं, आणि कुणीतरी ताडून पाहिलेलं असायचं. आता याच दोन गोष्टी घेऊन अमरावती जिल्ह्यात जाऊ, सातशे-साडेसातशे वर्षं मागे.

रिद्धपूरची पोथी

मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचं गाव आहे. आपल्याकडे बरेच जण रितपूरही म्हणतात. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालंय, त्यामुळे नाव तुमच्या कानावर आलं असेल. महानुभाव पंथाचं हे मोठं स्थान. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू इथेच राहायचे.

१२७४ च्या सुमारास चक्रधरस्वामी महाराष्ट्रातून निघून गेले. मागे राहिलेल्यांपुढे सरळ प्रश्न होता: स्वामी काय म्हणाले, कसे वागले, हे नवीन येणाऱ्याला सांगायचं कसं? म्हाइंभट नावाचे विद्वान शिष्य होते, त्यांनी हे काम अंगावर घेतलं. १२७८ च्या सुमारास त्यांनी स्वामींच्या आठवणी गोळा करायला सुरुवात केली. त्यातून तयार झाला 'लीळाचरित्र' हा ग्रंथ, मराठीतला आद्य चरित्रग्रंथ.

म्हाइंभटांची पद्धत बघा. जो प्रसंग ज्याने डोळ्यांनी पाहिला, त्यालाच जाऊन विचारायचं. पंथाचे प्रमुख नागदेवाचार्य यांनी पाहिलेले प्रसंग त्यांच्याकडून घेतले, आणि बाकीच्यांसाठी त्या-त्या माणसाकडे गेले. ऐकीव गोष्टीवर भागवलं नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक नोंदीचा सोर्स पक्का केला.

खरी परीक्षा पुढे झाली. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या सुलतानाच्या फौजा देवगिरीच्या राज्यावर आल्या. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली, असं महानुभाव परंपरा सांगते. मूळ फाइलच गेली, आणि बॅकअप होता तो फक्त लोकांच्या डोक्यात.

मग ज्यांना ती पाठ होती, त्यांनी ती पुन्हा उभी केली. हिराइसा नावाची नागदेवाचार्यांची एक शिष्या होती, तिचं पाठांतर दांडगं. तिच्या आठवणीतून जो मजकूर आला त्याला 'हिराइसा पाठ' म्हणतात. इतरांनीही आपापल्या आठवणीतून पाठ तयार केले. साहजिकच ते सगळीकडे जुळेनात. एकाच प्रसंगाचं एकाला असं आठवे, दुसऱ्याला तसं.

अशा वेळी सोपी वाट कोणती होती? एक पाठ निवडायचा, बाकीचे फेकायचे आणि 'हेच मूळ' म्हणून सांगायचं. कुणी पकडणार नव्हतं, मूळ पोथीच नव्हती! पण त्यांनी पाठभेद जपले. कोणता पाठ कुणाचा, हे नावानिशी सांगितलं. सातशे वर्षांनंतर आपल्याला हिराइसा हे नाव माहीत आहे ते यामुळेच. आपल्या कंपनीची मागच्या वर्षीची पीपीटी कुणी बनवली हे मात्र आपल्याला सांगता येत नाही.

पुढे या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिल्या गेल्या आणि बाहेरच्यांसाठी बंद झाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडली. यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी महानुभाव साहित्य अभ्यासकांपुढे आणलं. ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापून काढलं. १९७८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातले वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून नवी आवृत्ती तयार केली. पोथ्या ताडणं म्हणजे पुन्हा तीच रुजवात. आधीच्या लोकांनी 'हा पाठ अमक्याचा' असं जपून ठेवलं नसतं, तर या अभ्यासकांना ताडायला काही उरलंच नसतं.

केसोबासांचं ट्रेनिंग मटेरियल

आता तुम्ही म्हणाल, हा तर धर्मग्रंथ झाला, ट्रेनिंगचा काय संबंध? संबंध इथेच आहे.

लीळाचरित्र मोठं. नव्याने पंथात आलेल्या माणसाला ते सगळं कधी कळणार? म्हणून केसोबास, म्हणजेच केशिराजबास, यांनी त्यातून स्वामींची वचनं वेगळी काढली. तो 'सूत्रपाठ'. कसं वागायचं, कसं राहायचं, यासाठी त्यात 'आचार' नावाचं वेगळं प्रकरणच आहे. याच केसोबासांनी 'दृष्टांतपाठ' केला, ११४ दृष्टांतांचा. आंधळे आणि हत्ती ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे, ती त्यात आहे.

दृष्टांतपाठाची रचना तीन भागांची. आधी सूत्र, म्हणजे नियम. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे ही गोष्ट त्या नियमाला कशी लागू पडते ते. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक केसोबासांचं. दुसऱ्याचं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं, याची रेघ ग्रंथाच्या रचनेतच मारलेली आहे.

सूत्रांमध्ये एक अडचण होती. संदर्भातून काढलेलं वाक्य भलत्याच अर्थाने वापरलं जाऊ शकतं. तेव्हा पुढे 'प्रकरणवश' तयार झालं. कोणतं सूत्र कोणत्या प्रसंगात, कुणाला सांगितलं, ते त्यात येतं. म्हणजे नियमांचं एक पुस्तक, आणि त्या प्रत्येक नियमामागची गोष्ट सांगणारं दुसरं पुस्तक. आमच्याकडे असं डॉक्युमेंटेशन मिळालं तर आम्ही पेढे वाटू.

आणि भाषा? केसोबास संस्कृतचे जाणकार. त्यांच्या मनात संस्कृतात लिहायचं होतं. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, ही हकीकत 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात येते. कारण एकच दिलं: पंथातल्या म्हाताऱ्या बायांना ते कळणार नाही, त्या वंचित राहतील. शिकवायचं कुणाला आहे, हे आधी ठरलं. भाषा त्यानंतर ठरली.

मुंबईतला खटला

आता रिद्धपूरहून थेट शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत येऊ. पोथ्यांच्या काळात नाव सांगणं ही श्रद्धेची आणि सचोटीची बाब होती. छापखाने आल्यावर त्यात पैसा आला, आणि भांडण कोर्टात गेलं.

मुंबई विद्यापीठाने मॅट्रिकच्या परीक्षेला प्लुटार्कने लिहिलेलं सिकंदराचं चरित्र लावलं होतं, थॉमस नॉर्थ याच्या सोळाव्या शतकातल्या इंग्रजी भाषांतरातून. मॅकमिलन कंपनीने १९१८ मध्ये त्याची शाळेसाठी आवृत्ती काढली. त्यात जवळपास निम्मा मूळ मजकूर निवडून घेतला होता आणि विद्यार्थ्यांसाठी टीपा जोडल्या होत्या. १९२१ मध्ये मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकांनी तसंच पुस्तक काढलं. मॅकमिलनने दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयात ते हरले, मग प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेलं. १९२३ मध्ये निकाल आला.

निकाल मजेशीर आहे. कौन्सिल म्हणालं की जुन्या भाषांतरातले उतारे निवडून एकामागे एक लावले, एवढ्याने त्या मजकुरावर तुमचा हक्क येत नाही. पण टीपा तुमच्या. त्या लिहायला अभ्यास, कौशल्य आणि मेहनत लागली, आणि टीपांच्या बाबतीत कूपर यांनी हक्काचा भंग केलाय.

यातून आपल्या कामाचं काय मिळतं? उतारा कुणीही उचलू शकतो. शिकवण्याचं खरं काम टीपेत असतं. ही ओळ का आहे, तुझ्या परीक्षेत ती कशी येईल, इथे कुठे चुकशील, हे सांगणं म्हणजे टीप. ती लिहायला समोरचा शिकणारा डोळ्यापुढे असावा लागतो. आमच्या आगीच्या ट्रेनिंगमध्ये उतारा होता, टीप नव्हती. आपल्या इमारतीचा जिना कुठे आहे, ही टीप.

कायद्याची अजून एक गोष्ट. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीचा भाग म्हणून तुम्ही जे लिहिता, त्याची मालक साधारणपणे कंपनी असते. पण त्याच कायद्याच्या कलम ५७ मध्ये लेखकाला एक वेगळा हक्क दिलाय. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी 'हे मी लिहिलं' असं सांगण्याचा हक्क त्याच्याकडे राहतो. तेव्हा पीपीटी कंपनीची असली, तरी तिच्या कोपऱ्यात बनवणाऱ्याचं नाव असण्यात कायद्याची काही अडचण नाही.

कागद घरी, दवाई वावरात

इथवर ऐकून वाटेल की ही सगळी ऑफिसातल्या लोकांची कुरकुर आहे. चुकीची पीपीटी पाहिली, हसलो, पुढे गेलो. पण वऱ्हाडात सगळ्यात जास्त लोकांचं कामाचं ठिकाण ऑफिस नाही, वावर आहे. आणि तिथलं ट्रेनिंग मटेरियल म्हणजे औषधाच्या डब्यासोबत येणारा घडीचा कागद.

२०१७ चा खरीप आठवा. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. शेकडो लोक दवाखान्यात होते. तेव्हा कारणं बरीच सांगितली गेली. कपाशी त्या वर्षी डोक्याइतकी वाढलेली, हवा दमट, वेगवेगळी औषधं एकत्र करून मारलेली, तोंडाला मास्क नाही, हातात मोजे नाहीत.

कागद मात्र होता. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे डब्यावर विषाची तीव्रता दाखवणारा रंग लागतो: लाल, पिवळा, निळा, हिरवा, या उतरत्या क्रमाने. सोबत माहितीपत्रक लागतं. त्यात वापर कसा करायचा, काळजी काय घ्यायची, विषबाधेची लक्षणं कोणती आणि उतारा काय, हे द्यावं लागतं. इंग्रजी आणि हिंदीसोबत त्या भागातली भाषाही लागते. म्हणजे नियमाच्या हिशेबाने शेतकऱ्याचं ट्रेनिंग पूर्ण!

तेल्हारा तालुक्यात माझ्या मामांचं वावर आहे. मी त्यांना विचारलं, "मामा, तुम्ही हा कागद वाचता का?"

ते म्हणाले, "वाचते कोन बापू? अक्षरं पाह्य न, मुंग्याइवानी. अन् डब्बा आनतो मी, फवारते गडी. कागद राह्यते माह्या घरी, अन् दवाई जाते वावरात."

या चार वाक्यांत सगळं ऑडिट आलं. मजकूर बरोबर असेलही. पण तो छापला डबा विकत घेणाऱ्यासाठी, आणि धोका आहे पंप पाठीवर घेणाऱ्याला. त्याला कधी कुणी विचारलं नाही की बाबा, यातलं तुला काय कळलं? नागदेवाचार्यांनी म्हाताऱ्यांचा विचार केला होता. त्या घडीच्या कागदाने गड्याचा केला नाही.

मृत्यूंचं सगळं खापर एका कागदावर फोडणं चूक ठरेल. मजुरी, औषध विकणारा, उन्हात घालवत नाही असा सुरक्षा पोशाख, उशिरा मिळालेला उपचार, हे सगळं त्यात आहे. पण धोक्याची सूचना ज्याला द्यायची त्याच्यापर्यंत ती पोचली का, हा प्रश्न कुणीतरी आधी विचारायला हवा होता. ताडून पाहायची ती गोष्ट हीच होती. कागद आणि वावर शेजारी ठेवून.

मग आपण काय करायचं?

तुमच्यापैकी अनेकांना कधी ना कधी ट्रेनिंग बनवायला सांगतील. टीम लीड म्हणेल, "नवीन लोक येताहेत, उद्यापर्यंत एक डेक कर." अशा वेळी सगळं नव्याने लिहायला वेळ नसतो, आणि तशी गरजही नसते. उचला, बिनधास्त उचला. फक्त ही चार कामं करा.

पहिलं, कुठून घेतलं ते लिहा. लेखक, वर्ष, शक्य असेल तर लिंक. लाज कसली त्यात? मजकूर विकत घेतलेला किंवा परवानगी लागणारा असेल तर ती घ्या.

दुसरं, दुसऱ्याचं कुठे संपतं आणि तुमचं कुठे सुरू होतं, ते दिसू द्या. सूत्र, दृष्टांत, दार्ष्टांतिक. यातलं दार्ष्टांतिक तुम्हालाच लिहावं लागेल, कारण तुमच्या ऑफिसचा जिना तुम्हालाच माहीत आहे.

तिसरं, रुजवात घ्या. ज्याला ते काम प्रत्यक्ष करायचं आहे असा एक माणूस शोधा. सिक्युरिटीचे काका असतील, नवीन आलेली मुलगी असेल. त्यांच्यासमोर ट्रेनिंग उघडा आणि म्हणा, "यात लिहिलंय तसं करून दाखवा." ते जिथे अडतील तिथे तुमचा मजकूर चुकलाय.

चौथं, खाली दोन नावं घाला. बनवणाऱ्याचं आणि ताडणाऱ्याचं. पुढच्या वर्षी चूक सापडली तर विचारायला कुणीतरी पाहिजे.

यातलं एकही काम अवघड नाही, आणि खर्च जवळपास शून्य. तरी होत नाही, कारण मॅनेजमेंटला ट्रेनिंग 'पूर्ण झालं' याचा आकडा हवा असतो. शंभर टक्के लोक पास, विषय संपला. चोरलेला मजकूर त्यामुळेच खपतो. जो मजकूर कुणी वाचणारच नाही, तो कुठून आला याची पर्वा कोण करणार? तेव्हा पुढच्या वेळी ट्रेनिंगची लिंक आली की सरळ 'नेक्स्ट, नेक्स्ट' करू नका. एक स्लाइड नीट वाचा, आणि चूक दिसली तर मेल टाका. उत्तर नाही आलं तरी चालेल, नोंद राहते.

तुमच्या कामाच्या ठिकाणी अशी कोणती अफलातून स्लाइड पाहिलीत? आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, कंपनीचं नाव गाळून. आणि घरी कुणी फवारणी करत असेल, तर आज एक काम करा. डब्यातला तो कागद काढा, मोबाइलवर फोटो घेऊन अक्षरं मोठी करा, आणि पंप पाठीवर घेणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवा. मग त्याला विचारा, काय समजलं.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!